काडीचा संबंध

एकदा एका गुरूने आपल्या शिष्याला काडी आणायला सांगितली. एवढीच ही गोष्ट. काडी ती काय आणि तिची गोष्ट ती काय, असं तुम्हाला वाटेल. त्या शिष्यालाही तसंच वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी त्या काडीने त्याला जो धक्का दिला, त्यातून तो पुढे कधी पुरता सावरला असं मला वाटत नाही. अशा धक्क्यातून पुरतं सावरू नये, असंही जाणते लोक म्हणतात.

गुरू म्हणजे नदीकाठच्या एका लहानशा मठात राहणारे वृद्ध गृहस्थ. लोक त्यांना आप्पा म्हणत. त्यांच्यापाशी ना कफनी होती, ना जटा. अंगणात एक जुना कडुनिंब होता आणि त्याखाली बसून आप्पा पंचक्रोशीतली भांडणं ऐकत. बांधावरून जुंपलेली, पाण्यावरून पेटलेली, सासू-सुनेची, भावाभावांची. आप्पा बोलत थोडं, ऐकत फार. आणि त्यांचा एक नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. आप्पांच्या अंगणात काडीमोड होत नसे.

त्या मुलखातली रीत जुनी. नवरा-बायकोचं फाटलं, सांधता येईना, की पंच बसत. सगळ्यांच्या देखत नवरा एक वाळकी काडी मोडी, एक तुकडा उजवीकडे टाकी, एक डावीकडे. संपला संसार. ना कागद, ना शाई. आप्पांकडेही अशी गाऱ्हाणी घेऊन येणारे कमी नव्हते, पण आप्पा हात जोडून म्हणत, "बाबांनो, खराट्याची काडी मोडली तरी मला दिवसभर चुकल्यासारखं होतं. संसार कुठला मोडू? दुसरं अंगण बघा."

शिष्याचं नाव मठात कुणी घेत नसे. सगळे त्याला शास्त्रीबुवा म्हणत. तसा तो शास्त्री वगैरे काही नव्हता, कोरडवाहू रान असलेल्या घरातला एकुलता एक मुलगा. पण जिभेवर सरस्वती नाचत होती. चातुर्मासापुरता म्हणून आप्पांकडे आला आणि तिसरा चातुर्मास आला तरी परत जायचं नाव नव्हतं. गावाकडे म्हातारी आई होती, बायको होती. 'विद्या पुरी झाली की येतो' असा निरोप त्याने एकदा धाडला होता. विद्या काही पुरी होईना, कारण ती पुरी झाली आहे असं कबूल केलं की घरी जावं लागलं असतं.

शब्द हे त्याचं वेड होतं. रोजच्या वापरातला एखादा शब्द उचलावा, त्याची साल काढावी, आतला गर लोकांना दाखवावा, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. आप्पांना दम लागू लागला तसं एकादशीचं प्रवचन तोच करू लागला. लोक ऐकून डोलत, आणि लोक डोलले की हा हरभऱ्याच्या झाडावर चढे.

श्रावणातल्या एकादशीला असाच तो रंगात आला होता. पुढच्या रांगेतला एक पाटील काडीने दात कोरत बसला होता. शास्त्रीबुवांनी नेमकं तेच पकडलं.

"पाटील, ती काडी जरा वर धरा. लोकहो, बघा. पाटलांच्या हातात काय आहे? काडी! आता सांगा, हिची किंमत काय? ज्याला अक्कल नाही, त्याला काडीची अक्कल नाही. ज्या धंद्यात फायदा नाही, त्यात काडीचा फायदा नाही. बुडणाऱ्याला आधार कशाचा? काडीचा. म्हणजे आधार नाहीच! अंगात जोर नाही तो काडीपैलवान. दोन घरांत भांडण लावून जो नामानिराळा राहतो, त्याने काय केलं? काडी टाकली! अहो, आपल्या मराठी माणसाला 'काहीच नाही' असं म्हणायचं झालं की तो काडीला पुढे करतो. जिथे जिथे काही नाही, तिथे तिथे काडी आहे!"

लोक खदखदून हसले. पाटलाने ओशाळून काडी टाकून दिली. शास्त्रीबुवांना चेव आला. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले,

"आणि माझं विचाराल, तर मीही आता त्या काठावर येऊन उभा आहे. संसाराशी माझा काडीचाही संबंध उरलेला नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तेवढ्यात अगदी मागे, दाराशी, भिजलेली घोंगडी पांघरून उभा असलेला एक म्हातारा वळला आणि पावसात निघून गेला. शास्त्रीबुवांनी त्याची पाठ पाहिली. ऐन रंगात उठून जाणाऱ्यांचा त्यांना राग येई. काय अरसिक माणसं असतात, असं मनाशी म्हणून ते पुढे बोलू लागले.

मग पाऊस सरला. दिवाळी तोंडावर आली. एका तिन्हीसांजेला शिष्य देवापुढे दिवा लावून बाहेर आला, तर आप्पा कडुनिंबाखाली एकटेच बसले होते.

"उद्या सकाळी एक काडी लागेल," आप्पा म्हणाले. "तुरीची. चांगली वाळलेली."

"कशाला, आप्पा?"

"काडीमोड करायची आहे."

शिष्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्याने पुन्हा विचारलं. आप्पांनी पुन्हा तेच सांगितलं, त्याच आवाजात. आप्पांच्या तोंडून हा शब्द! उद्या सूर्य नदीतून उगवणार आहे असं कुणी सांगितलं असतं, तरी शिष्याला एवढं नवल वाटलं नसतं.

"आपल्या अंगणात?"

"इथेच."

"पण आप्पा, दोन्ही बाजू तरी ऐकल्यात का?"

"बाई आली होती दुपारी, तू नदीवर होतास तेव्हा. तिचं ऐकलं."

"आणि नवऱ्याचं?"

"त्याचं आधीच ऐकलंय," आप्पा म्हणाले. "त्याला जे म्हणायचं ते त्याने मागेच म्हणून टाकलंय. स्पष्ट म्हणाला. चार लोकांत म्हणाला."

आणखी काही विचारावं तर आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. शिष्य हादरला होता खरा, पण त्या हादरण्यात थोडी गंमतही होती, हे लपवण्यात अर्थ नाही. उद्या काहीतरी कधी न घडलेलं घडणार होतं आणि त्यात आपलं बोट लागणार होतं. मठाच्या माळ्यावर गेल्या वर्षीच्या तुराट्यांचा भारा होता. दिव्याच्या उजेडात तो एकेक काडी काढून पाहू लागला. एक वाकडी निघाली, एक आतून ओलसर. एक त्याने वाकवून पाहिली तर ती नुसतीच लवली. असली काडी मोडता मोडत नाही, मग नवरा खटपट करतो, लोक हसतात, बाई रडते. नको. मोडायचीच तर झटक्यात मोडावी. शेवटी त्याला हवी तशी मिळाली. सरळ, हलकी, वाळून खडखडीत झालेली. तो स्वतःच्या निवडीवर खूश झाला.

सकाळी अंगण भरलं. बातमी रातोरात पसरली होती. आप्पा काडी मोडणार! माणसं बैलगाड्या जुंपून आली होती. पंच म्हणून चार वडीलधारे सतरंजीवर बसले होते. एका बाजूला डोईवरून पदर पुढे ओढलेली एक बाई बसली होती. तिच्या शेजारी एक म्हातारा पाठ करून बसला होता, आणि त्याच्या खांद्यावर घोंगडी होती.

ती घोंगडी शिष्याने कुठेतरी पाहिली होती. कुठे, ते आठवेना.

आप्पांनी खूण केली. शिष्याने पुढे होऊन दोन्ही हातांनी काडी त्यांच्यासमोर धरली. आप्पांनी ती घेतली नाही.

"तुझ्याकडेच राहू दे," ते म्हणाले आणि पंचांकडे वळले. "दोन्ही पक्ष हजर आहेत. बाईचं नाव गोजरा. नवऱ्याचं नाव दामोदर."

शिष्याच्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? आलं ते असं, की अरे, या नवऱ्याचं नाव अगदी आपलंच आहे. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, तो दामोदर कुठे दिसतो का म्हणून. सगळे त्याच्याकडेच पाहत होते. तेवढ्यात बाईने पदर मागे सारला.

समोर त्याची बायको बसली होती. सुकलेली, उन्हाने रापलेली, डोळे कोरडे. ज्या जिभेने साऱ्या पंचक्रोशीला डोलवलं, तिला 'तू?' एवढंसुद्धा म्हणता येईना.

"नवरा मोडतो, अशी रीत आहे," आप्पा म्हणाले. "काडी त्याच्या हातात आहेच. गोजरा, तुझं म्हणणं सांग बाई. पंचांनी ऐकलं पाहिजे."

गोजरा उठून उभी राहिली. तिने दामोदरकडे पाहिलंच नाही. ती पंचांशी बोलत होती.

"माझं म्हननं लई न्हाई. मी अडानी बाई. मला शब्दांतलं काय कळत न्हाई. ह्यांनी म्हनं हितं सांगितलं, संसाराशी काडीचा संबंध न्हाई. ह्या म्हादूकाकानं सोताच्या कानानं ऐकलं. आता आमच्यात नवरा-बायकूचा संबंध काडीचाच असतुया. काडी हाय तवर संबंध हाय, काडी मोडली की संपला. काडीचा संबंध न्हाई, असं ह्यांनी चार लोकांत सांगितलं म्हंजी त्यांच्याकडनं मोडलीच की. मग नुसतं मोडायचं तेवढं र्‍हायलंय, ते करून टाका. लोंबकळत ठेवू नका. एवढंच."

पंचांपैकी एकाने दामोदरकडे वर पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

"अगं, तो... तो प्रवचनातला शब्द होता," दामोदर कसाबसा म्हणाला. "बोलण्याच्या ओघात... तसा अर्थ नव्हता त्याचा. म्हादूकाका, तुम्ही आला होतात, मग मला भेटला का नाहीत? काय काम होतं?"

घोंगडीवाल्या म्हाताऱ्याने तोंड उघडलं, पण गोजराने हाताने त्याला थांबवलं. आता मात्र तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"त्यो तुमाला न्यायला आला व्हता," ती म्हणाली. "आत्याबाई खाटंवर व्हत्या. तुमचं नाव घेत व्हत्या. घशाखाली पानी उतरत नव्हतं. काडीला कापूस गुंडाळून त्यांचं व्हट भिजवत व्हते मी. म्हादूकाका दीड दिस पावसात चालत आला. हितं आला तर तुमचं ते बोलनं चालू. त्यानं ऐकलं आनि त्यो माघारी फिरला. काय म्हनून थांबावं त्यानं? ज्याचा संबंधच न्हाई, त्याला काय सांगावं?"

"आई..." दामोदर म्हणाला. "आई आता कशी आहे?"

साऱ्या अंगणाला उत्तर कळलं होतं. त्यालाही कळलं होतं. तरी तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"त्याच रातीला गेल्या," ती म्हणाली. "दुसऱ्या दिशी बी पाऊस हटंना. सरपन वलं. काडेपेटी सादळलेली. एकेक काडी वढत बसले, पेटंना. भावकीतली मानसं म्हनाली, ल्येक न्हाई तर पुतन्याला बोलवा. म्या म्हनलं, मी हाय की. तुमच्या आईला काडी मी लावली."

कट्, असा बारीक आवाज झाला.

दामोदरने हाताकडे पाहिलं. काडी त्याच्या मुठीत तडकली होती. किती आवळून धरली होती, त्याचं त्याला भान नव्हतं. बायकांमधून एकदम 'अगं बाई' असा सूर निघाला. एक पंच अर्धवट उठला. मोडली का? मोडली! नाही मोडली! माणसं माना उंचावून पाहू लागली. दामोदर तर जागच्या जागी थिजला. मूठ उघडावी तर काडी दोन होऊन खाली पडेल, न उघडावी तर आणखी आवळली जाईल. आयुष्यात पहिल्यांदा एक काडी कशी धरावी, हे त्याला कळत नव्हतं.

आप्पा उठले, जवळ आले आणि त्यांनी हलक्या हाताने त्याची बोटं एकेक करून सोडवली. काडी मधोमध तडकली होती, पण एका बाजूची साल शाबूत होती. दोन्ही तुकडे त्या सालीवर लोंबत होते.

मग दामोदरचा बांध फुटला. दुःख होतं, लाज होती, पण सगळ्यांत आधी बाहेर आला तो राग. "आप्पा, काल तुम्हाला सगळं कळलं होतं! माझी आई गेली, हे तुम्हाला कालच कळलं होतं! आणि मला काडी निवडायला माळ्यावर पाठवलंत?"

"होय," आप्पा म्हणाले. "काल सांगितलं असतं, तर तू आज मृत्यूवर फार सुंदर बोलला असतास."

गुरूने असं बोलावं! इतक्या लोकांत, अशा वेळी! जमलेल्यांनाही ते झोंबलं. पण आप्पांच्या आवाजात धार नव्हती. ते थकून ओट्यावर बसले आणि ती तडकलेली काडी तळहातावर घेऊन बोलू लागले.

"बाळ, तू काडीचे पुष्कळ अर्थ सांगितलेस. ते सगळे बरोबर होते. माझंच चुकलं, की मी तेव्हाच तुला विचारलं नाही, एवढी निरुपयोगी वस्तू प्रत्येक घरात कशी रे असते? तुझ्या बायकोने आत्ता काडीचा एकही अर्थ सांगितला नाही. तिने काडी कुठे कुठे वापरली, तेवढं सांगितलं. आजाऱ्याच्या ओठाशी वापरली, चितेशी वापरली. आणि आपल्या वाडवडिलांचं बघ. लग्न मोडायचं चिन्ह म्हणून त्यांना दगड फोडता आला असता, लोखंड वाकवता आलं असतं. त्यांनी काडी घेतली. ते काय वेडे होते? लोखंड सांभाळावं लागत नाही रे, ते कुठेही पडलं तरी राहतं. काडी कुणीही मोडू शकतो, लहान पोरसुद्धा. म्हणून जी काडी वर्षानुवर्षं मोडली नाही, ती कुणीतरी रोज जपलेली असते. तुझी जपत होती ती. तू तिकडे पाठ करून 'काडीची किंमत काय' म्हणून लोकांना विचारत होतास."

मग आप्पांनी कुणाच्या स्वप्नातही नसलेली गोष्ट केली. ते उठले आणि ती काडी त्यांनी गोजराच्या हातात दिली.

पंच खडबडून जागे झाले. "आप्पा, बाईच्या हातात काडी? ही काय रीत झाली?"

"रीत नाही, हे मला कळतं," आप्पा म्हणाले. "पण ज्याने धरली नाही, त्याने मोडावी, हीसुद्धा चांगली रीत नाही. गोजरा, ही आता तुझ्या हातात आहे. मोडलीस तर माझ्या अंगणातली ही पहिली काडीमोड, आणि दोष माझ्या माथी. कुणी तुला बोलणार नाही."

दामोदरने हात जोडले. त्याला म्हणायचं होतं, नको मोडूस. पण हे म्हणायचा आपल्याला काही हक्क उरला आहे का, हेच त्याला उमगेना.

गोजराने काडी उजेडात धरून पाहिली. शेतकऱ्याच्या बायकोने पाहावी तशी, उलटून पालटून.

"तुरीची हाय," ती म्हणाली. "लई वाळलेली. तुमीच निवडली?"

त्याने मान हलवली. "पण कुणासाठी, ते ठाऊक नव्हतं गं मला."

"त्येच तर," गोजरा म्हणाली. "कुनासाठी ते ठावं नसलं म्हंजी मोडायची काडी झ्याक निवडता येती."

हे शब्द तिने रागाने म्हटले नाहीत. म्हणून ते जास्त लागले. नंतर कितीतरी वर्षं, काही बोलायला तोंड उघडलं की दामोदरला ते आधी ऐकू येत.

गोजराने काडी मोडली नाही. तिने ती पदराच्या टोकात गुंडाळली आणि कमरेला खोचली. "साल धरून हाय अजून," ती आप्पांना म्हणाली. "मी ठिवते जवळ. मोडायचं तवा मोडीन, न्हाईतर न्हाई. आता निघते, घरी म्हस शेजारनीच्या हवाली करून आलीया." म्हादूकाका तिच्यामागे चालू लागला. फाटकाशी ती थांबली आणि मागे न वळता म्हणाली, "पडवीच्या कुडाला पावसात भगदाड पडलंय. वारा आत येतूय. येनार असाल तर तुराट्यांचा भारा घिऊन या. एका काडीनं भागायचं न्हाई."

लोक हळूहळू पांगले. ज्या पाटलाने श्रावणात काडी ओशाळून टाकून दिली होती, तो तेवढा दामोदरच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

"आप्पा, काडीमोड झाली की नाही झाली?" एका पंचाने जाता जाता विचारलं.

"मला काय विचारता?" आप्पा म्हणाले. "काडी तिच्याकडे आहे."

दामोदर नदीवर गेला. आईच्या नावाने त्याने पाण्यात डोकं बुडवलं, मग पुन्हा बुडवलं, आणि काठावर बसून लहान मुलासारखा रडला. ओल्या अंगाने परत आला तेव्हा आप्पा माळ्याखाली उभे होते. त्यांनी तुराट्यांचा तो भारा स्वतः खाली काढून सुंभाने बांधून ठेवला होता. म्हाताऱ्याच्या हातांना ओरखडे आले होते.

"आप्पा, माझी विद्या?"

"पुढचा धडा घरी आहे," आप्पा म्हणाले. "उचल."

त्याने भारा डोक्यावर घेतला. पंचक्रोशीतल्या ज्या वाटेने लोक त्याला ऐकायला यायचे, त्याच वाटेने तो भर दुपारी निघाला. वाटेत बांधावर बसलेल्या एका टोळक्याने थट्टेने हाळी दिली, "काय शास्त्रीबुवा, आज काड्या डोक्यावर? अर्थ काय म्हणायचा याचा?" एरवी अशा प्रश्नावर तो तासभर बोलला असता. पण तो चालत राहिला. काड्या मानेला टोचत होत्या, आणि ऊन होतं.

दीड दिवस चालून घरी पोचला तेव्हा गोजरा अंगणात माती कालवत होती. तिने 'या' म्हटलं नाही आणि 'जा'ही म्हटलं नाही. पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला आणि पुन्हा मातीत हात घातले. काड्यामातीच्या त्या कुडातलं भगदाड तिच्या सांगण्यावरून वाटलं त्याहून मोठं होतं. आत आईची खाट दिसत होती, उभी करून ठेवलेली. तो तुराट्या एकेक करून भगदाडात बसवू लागला. एक सैल बसली तर शेजारचीही सैल होते, हे त्याला दुसऱ्या दिवशी समजलं. गोजरा मागून मातीचा लेप देत होती. काम चालू असताना ती एवढंच बोलली, "आनखी आत दाबा."

पुढे त्याने कधी प्रवचन केलं की नाही, मला माहीत नाही. एवढं मात्र सांगतात, की पडवीच्या वळचणीला गोजराने ती तडकलेली काडी खोचून ठेवली होती, आणि ती काढायचा किंवा मोडायचा हक्क घरात फक्त तिला होता. तुमच्याआमच्या घरातही अशी काडी असतेच, आपण वर मान करून पाहत नाही इतकंच. दामोदर मात्र म्हातारा होईस्तोवर रोज सकाळी उठला, की देवाला हात जोडायच्या आधी वळचणीकडे बघायचा.

काडी जागेवर असली, की मग चूळ भरायला जायचा.